चव न पाहणारी स्वयंपाकीण

तुळसीबाईंनी शिजवलेला पदार्थ वाढण्याआधी कधी चाखून पाहिला नाही. हे त्या अभिमानानं सांगत, आणि कुणी विचारलं नसतानाही सांगत.

देवाला दाखवण्याआधी चाखलेलं ते उष्टं, हा नियम तंजावरकडच्या देशस्थ घरांतून मद्रासला आलेल्या सगळ्याच कुटुंबांना माहीत होता. बहुतेकींनी तो आपापल्या सोयीनं सैल केला होता. भिंतीकडे तोंड करून, तळहातावर थेंबभर घेऊन जिभेला लावायचा, की झालं. तुळसीबाईंना ही पळवाट मान्य नव्हती. लग्न होऊन कुंभकोणमला आल्या त्या महिन्यात त्यांनी सांबाराचा एक थेंब असाच चाखला होता. सासूनं पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं भरलेलं पातेलं उचलून परसात गाईपुढे ओतलं आणि जेवायला बसलेल्या सगळ्यांना नुसता ताकभात वाढला. कुणी विचारलं तर ती नव्या सुनेकडे बोट दाखवी. त्यानंतर तुळसीबाईंचा हात तयार झाला. चिंच लिंबाएवढी, मीठ मुठीनं, हिंग नखावर. मीठ कमी की जास्त ते उकळीच्या वासावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. कुणी ते खोटं पाडलं नव्हतं, कारण पानावर बसल्यावर अन्नाला नाव ठेवायचं नाही हा दुसरा नियम त्याच घरांत होता आणि तो कुणी सैल केलेला नव्हता.

नवरा गेल्यावर त्या वेस्ट मांबलमला चुलत दीर कृष्णस्वामी राव यांच्या बिऱ्हाडी आल्या. त्या घरात याला 'वैनींना आधार दिला' असं म्हणत. आधार म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशी अंथरूण, पहाटेची कॉफी, दोन वेळचा स्वयंपाक, पाहुण्यांचा फराळ आणि स्वतःची भांडी ठेवायला एक फळी. वर्षातून एक दिवस मात्र वेगळा असे. भाद्रपदात मांबलमच्या सभागृहात गुरूंची आराधना, म्हणजे पुण्यतिथी, होई. त्या दिवशी सोवळ्यातला सगळा स्वयंपाक तुळसीबाईंच्या हाती. त्या दिवशी मोठमोठे हुद्देवाले पुरुष उंबऱ्याबाहेर उभे राहून, "वैनी, नैवेद्य घेऊन जाऊं काय?" असं विचारत, आणि त्या हो म्हणेपर्यंत थांबत.

ही गोष्ट शहराला सगळेच मद्रास म्हणत तेव्हाची, शहाऐंशी सालची. कृष्णस्वामी शहराबाहेरच्या आवडी नावाच्या गावाअलीकडच्या एका खासगी कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर होते. कारखान्यानं परदेशातून पत्रा दाबायचे मोठाले प्रेस मागवले, आणि ते बसवायला पश्चिम जर्मनीचे तिघे इंजिनिअर येणार होते. त्यांच्यासाठी गेस्ट हाऊसवर स्वच्छ आणि विश्वासाची स्वयंपाकीण हवी होती. कृष्णस्वामींनी घरातलंच नाव सुचवलं. तुळसीबाई लगेच तयार झाल्या, याचं कृष्णस्वामींना थोडं आश्चर्य वाटलं. पगारासाठी त्या तयार झाल्या नव्हत्या. गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरामागे एक खोली होती आणि तिला आतून कडी होती. बाहेरून कुलूप लागत होतं आणि किल्ली एकच होती.

---

तिघांतला मुख्य क्रेमर. पन्नाशीचा, रुंद, मान लाल. इंग्रजी बोले ते मोडकं, पण मोठ्यानं.

पहिल्या सकाळी त्यानं इडलीवर बोट दाबलं, बोट काढल्यावर ती फुगून वर आली हे पाहिलं, आणि न्हाणीघरातला स्पंज इथे कुणी आणून ठेवला असं विचारलं. खोबऱ्याच्या चटणीला त्यानं दाढीचा साबण असं नाव दिलं आणि शेवटपर्यंत तेच वापरलं. सार त्यानं सूप समजून वाटीभर एकदम प्यायलं. खोकला थांबल्यावर म्हणाला, "हे औषध असेल तर मी आजारी नाही."

कढीपत्ता तो ताटाच्या कडेला ओळीनं मांडी. "पाला," म्हणे. "ह्यांनी झाड साफ न करता पातेल्यात टाकलंय."

हिंगाचा प्रसंग तर कारखानाभर झाला. फोडणी पडली आणि क्रेमर खोलीतून धावत आला. त्यानं गॅसचा सिलिंडर बंद करवला, दारं-खिडक्या उघडायला लावल्या आणि फिटर बोलावून नळी तपासून घेतली. शेवटी कृष्णस्वामींनी हिंगाची डबी त्याच्या नाकाखाली धरली. क्रेमर दोन पावलं मागे सरला.

"हे तुम्ही जेवणात घालता?" त्यानं विचारलं. "जाणूनबुजून?"

धाकट्या इंजिनिअरनं एकदा शेवग्याची शेंग सालासकट चावून गिळायचा प्रयत्न केला. रात्रभर त्याच्या पोटात दुखलं. क्रेमरनं तो चघळलेला चोथा काड्यापेटीत भरून जनरल मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला. "तुमची बाई आम्हाला लाकूड वाढते," तो म्हणाला. शेंग चोखून टाकायची असते हे कुणी सांगायचं, याचा विचार ना कृष्णस्वामींनी केला होता, ना तुळसीबाईंनी.

तुळसीबाईही काही ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण परत आलेलं ताट सगळ्या भाषांत सारखंच. त्यांच्या लेखी ही माणसं संध्याकाळी आंघोळ करणारी होती, म्हणजे दिवसभर पारोशी. पाण्याऐवजी कागद वापरणारी. हातानं खायला लाजणारी आणि लोखंडी नखांनी अन्न टोचणारी. एकदा फ्रिजमध्ये ठेवलेला चीजचा डबा उघडा राहिला, तेव्हा त्यांनी नाकाला पदर लावून कामाक्षीला हाक मारली. कामाक्षी ही वरकामाची बाई, जवळच्याच वस्तीतली. ती तमिळच बोले आणि तुळसीबाईही तिच्याशी तमिळच बोलत.

"बघ काय मेलंय त्यात."

कामाक्षीनं डबा बाहेर काढला. "मामी, हे दूध आहे म्हणतात. वर्षाचं."

"वर्षाचं दूध खातात आणि माझ्या आजच्या चटणीला नाकं मुरडतात!" तुळसीबाई म्हणाल्या. "तो फ्रिज धुऊन काढ. आणि मग आंघोळ करून ये, मला शिवू नकोस."

"तुम्हाला कधी शिवले मी?" कामाक्षी म्हणाली आणि फ्रिज धुवायला बसली.

अंडी कामाक्षीच तळी, मागच्या व्हरांड्यातल्या शेगडीवर. तरी भांडी, ओटा, फ्रिज सगळं एकच. म्हणून त्या स्वयंपाकघरातला घासही तुळसीबाई तोंडात घालत नसत. स्वतःपुरता भात त्या खोलीत स्टोव्हवर वेगळा रांधत आणि खोलीच्या उंबऱ्याशी बसून जेवत.

उन्हाळ्याच्या तोंडी क्रेमरनं कोठीची तपासणी केली. जॉर्ज टाउनच्या घाऊक व्यापाऱ्याकडून आलेलं खडे मीठ गोणीत होतं, दमट, करड्या रंगाचं. त्यानं मूठभर काढून उजेडात धरलं. त्यात तागाचा एक दोरा निघाला आणि एक खराखुरा खडा निघाला.

"रस्त्याची खडी," तो म्हणाला. "ही आम्ही खातोय."

दुसऱ्या दिवशी गोणी गेली आणि पिशवीबंद बारीक मीठ आलं, पिठासारखं पांढरं. तुळसीबाईंना ते खडूच्या भुकटीसारखं वाटलं. गोणीतलं चार मापं मीठ त्यांनी आधीच काढून आपल्या खोलीत बरणीत भरून ठेवलं होतं, स्वतःसाठी. पाहुण्यांच्या पातेल्यात खडू तर खडू. मूठ तीच होती. त्यांनी पहिल्या दिवशी मूठभर घातलं, दुसऱ्या दिवशीही मूठभर घातलं. त्या भुकटीच्या मुठीत खड्यांच्या मुठीपेक्षा कितीतरी जास्त मीठ मावतं, हे चाखून कळण्यासारखं होतं. एरवी कळायला मार्ग नव्हता.

---

ताटं आधीही परत येत होती. आता जास्त येऊ लागली. "हवा तापलीय, साहेबांना भूक नाही," असं कृष्णस्वामी म्हणाले. एका दुपारी ते स्वतःच गेस्ट हाऊसवर जेवले. चिंचेच्या रसातली रसवांगी, वरण, सार, दह्यातली पच्चडी, सगळं पान स्वच्छ केलं. तीन वेळा ताक मागितलं.

"कसें झालें?" तुळसीबाईंनी विचारलं.

"फर्मास, वैनी," कृष्णस्वामी म्हणाले आणि आणखी एक भांडं पाणी प्याले.

कामाक्षी पूर्वी उरलेलं अन्न डब्यात भरून घरी न्यायची. ते तिनं बंद केलं. एके दिवशी तुळसीबाईंनी तिला सांबार मोरीत ओतताना पाहिलं.

"एवढा माज आला का गं तुला?"

"घरी कुणी खात नाही, मामी," कामाक्षी म्हणाली. पुढे काही बोलणार होती, पण तुळसीबाईंनी पाठ फिरवली होती.

क्रेमरचे पाय सुजले. दुपारनंतर त्याला बूट चढेनात. कारखान्याच्या डॉक्टरनं रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, आणि विचारलं, "आहार काय असतो?"

"काय खातो ते मला ठाऊक नाही," क्रेमर म्हणाला. "तीच तर अडचण आहे."

तो खरं बोलत होता. पहिल्या दिवसापासून त्याला इथलं सगळंच आंबट, तिखट, खारट आणि चुकीचं लागत होतं. त्यात बिघडलेलं काय आणि मुळातच तसं काय, हे ओळखायचं कसं? भारतातलं जेवण असंच असतं, अशी त्यानं समजूत करून घेतली होती. त्यामुळे जेवण खारट आहे असं तो एकदाही म्हणाला नाही. घाणेरडं आहे, म्हणाला. विषारी आहे, म्हणाला. त्या शब्दांवर कृष्णस्वामींकडे उत्तर तयार असे: साहेबांना आपल्या जेवणाची सवय नाही.

मग एका दुपारी तो बुटांसकट स्वयंपाकघरात शिरला. तुळसीबाई आपल्या उंबऱ्याशी बसून दहीभात खात होत्या, बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड. क्रेमरनं त्यांच्या ताटलीकडे पाहिलं, आतल्या स्टोव्हकडे पाहिलं, बरणीतल्या करड्या मिठाकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या पातेल्यांची झाकणं एकेक करून उचलली. यातलं काहीच तिच्या ताटलीत नव्हतं.

त्यानं कामाक्षीला खुणेनं विचारलं: ही बाई यातलं खाते?

कामाक्षीनं मान हलवली. नाही. आणि मग, कुणी न विचारता, आणखी एकदा हलवली. कधीच नाही.

क्रेमर संध्याकाळी कृष्णस्वामींच्या ऑफिसात गेला आणि आवाज न चढवता बोलला. कृष्णस्वामींना तेच जास्त लागलं. "तुमची स्वयंपाकीण स्वतःसाठी वेगळं रांधते," तो म्हणाला. "माझं अन्न ती तोंडाला लावत नाही. माझ्या देशात कुत्र्यालासुद्धा कुणी असं अन्न घालत नाही. उद्यापासून ती माझ्यासमोर प्रत्येक पदार्थ खाईल, मगच मी खाईन. नाहीतर मी शहरातल्या हॉटेलात जातो आणि रोज येण्याजाण्यात जितका वेळ जाईल तितकं काम उशिरा होईल. कुणामुळे, ते मी वर सांगेन."

---

कृष्णस्वामी गेस्ट हाऊसच्या मागच्या पायरीवर बसले. तुळसीबाई आत, दाराआड. दोघं तंजावरच्या जुन्या मराठीत बोलत, ती भाषा मद्रासमध्ये घरापलीकडे कुणाला कळत नसे.

"वैनी, एक चमचा. लहान चमचा. गोष्ट संपली."

"कशाचा चमचा?"

"जें कराल त्याचा. त्याच्या समोर."

"भावोजी, तुम्ही कोणाशीं बोलतां?" तुळसीबाईंनी विचारलं. "अंडीं तळिलेल्या घरांतलें मी खाऊं?"

"अंडीं तुम्ही कोठें तळतां? कामाक्षी तळत्ये."

"आणि भाद्रपदांत मी कोणत्या तोंडानें आराधनेच्या चुलीपाशीं बसूं?"

"मांबलमांत सांगणार कोण? येथें तुम्ही आणि मी." कृष्णस्वामींनी घड्याळाकडे पाहिलं. "त्याला वाटतें तुम्ही त्यास विष घालतां. म्हणतो, बाई स्वतः कां खात नाहीं."

"मी देवाचें पण आधीं खात नाहीं, हें सांगा त्यास."

"सांगटलें. तो म्हणाला, देव तक्रार करीत नाहीं, म्हणून चालतें."



"आणि मी नाहीं म्हटलें तर?"

"तर काय," कृष्णस्वामी हसून म्हणाले, "आमचें घर आहेच की. तुमच्यावांचून तेथें सगळ्यांचे हाल आहेत. सरोजा रोज म्हणत्ये, वैनी कधीं परत येतात."

सरोजा ही त्यांची बायको. ती काय म्हणत असेल ते तुळसीबाईंना चांगलं ठाऊक होतं. दाराशी अंथरूण, पहाटेची कॉफी, फळी. माणूस हसत होता कारण दोन्हीकडून त्याचं काही जात नव्हतं. चमचा खाल्ला तर साहेब खूश. नाही खाल्ला तर घरी फुकटची स्वयंपाकीण परत. एका बाजूला वर्षातला एक दिवस होता, दुसऱ्या बाजूला खोलीची किल्ली.

"दार ओढून घ्या जातांना," तुळसीबाई म्हणाल्या.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या खोलीत तिघे जर्मन बसले होते. क्रेमरनं एक खुर्ची मागे ओढून मोकळी ठेवली होती. तुळसीबाई तिच्यावर बसल्या नाहीत. त्यांनी ओल्या केसांना गाठ मारली होती, पदर खोचला होता. कृष्णस्वामी भिंतीशी उभे, हातात रुमाल. दारात कामाक्षी.

टेबलावर वरण, सार, रसवांगी, डांगराची पच्चडी आणि भात. क्रेमरनं स्वतःचा चमचा कागदी रुमालानं पुसून पुढे सरकवला.

"तुम्ही आधी," तो म्हणाला.

तुळसीबाईंनी चमच्याला हात लावला नाही. उजवा तळहात पुढे केला आणि कामाक्षीला म्हणाल्या, "वाढ."

कामाक्षीनं पळीनं रसवांगी त्यांच्या तळहातावर घातली, वरूनच, न शिवता. तुळसीबाईंनी हात तोंडाशी नेला.

तीस वर्षांत त्यांनी शिजवलेली रसवांगी त्यांच्या तोंडात कढत असताना कधी गेली नव्हती. आधी चिंच लागली. मग धणे, खोबरं. आणि मग मीठ. इतकं, की पुढचं काही कळेना. त्यांनी गिळलं. हात पुन्हा पुढे केला. सार. तेही तसंच. वरण, तसंच. पच्चडीत दही होतं म्हणून थोडं कमी, पण तसंच.

खोलीत सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. क्रेमर जास्तच. त्याला भाषा येत नव्हती म्हणून तो चेहरा वाचत होता, आणि चेहऱ्यावर जे होतं ते त्यानं इतके दिवस आरशात पाहिलं होतं.

"काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"म्हणते, आमची पारंपरिक चव आहे," कृष्णस्वामी घाईनं इंग्रजीत म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

तुळसीबाईंना 'ट्रॅडिशनल' हा शब्द मांबलमच्या सभांमधून माहीत होता. त्यांनी कृष्णस्वामींकडे पाहिलं.

"खारट आहे," त्या म्हणाल्या. "भावोजी, सांगा त्यास. खारट आहे. माणसानें खाण्यासारखें नाहीं."

कृष्णस्वामी रुमालाची घडी घालत राहिले. मग तुळसीबाईंनीच वरणाचं पातेलं उचललं, मोरीकडे नेलं आणि ओतलं. परत आल्या, साराचं उचललं. तेही गेलं. शेवटी ओट्यावरचं पांढऱ्या मिठाचं भांडं त्यांनी आणलं आणि क्रेमरच्या समोर, त्याच्या रिकाम्या ताटात, उपडं केलं.

क्रेमरनं मिठाच्या ढिगाला बोट लावलं, जिभेला लावलं. त्याला समजलं. "म्हणजे हे असं नसतंच!" तो बाकीच्या दोघांना म्हणाला. "इतके महिने. आणि हा माणूस म्हणत होता, सवय नाही."

"त्यास हेंही सांगा," तुळसीबाई म्हणाल्या, "कीं हें मीठ त्यानेंच आणविलें. माझें खडे मीठ त्यानें घालविलें. तें असतें तर माझी मूठ चुकली नसती."

हे कृष्णस्वामींनी भाषांतरित केलं नाही.

"उद्यापासून रोज," क्रेमर उठताना म्हणाला. "रोज आधी ती खाईल." आणि पाव आणायला सांगून तो खोलीत गेला.

---

मोरीशी पातेली घासत असलेल्या कामाक्षीला तुळसीबाईंनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"उन्हाळ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्या दिवशी तुम्ही काय म्हणालात, मामी? 'स्वयंपाकातलं मला शिकवायला येऊ नकोस, तू भांडी घास.' मी भांडी घासली." कामाक्षीनं पातेलं उपडं ठेवलं. "आधी घरी नेऊन पाणी घालत होते. दुप्पट भात लागायचा. मग नेणंच सोडलं."

"साहेबाला मान हलवून सांगायला बरं जमलं."

"त्यानं विचारलं," कामाक्षी म्हणाली.

तुळसीबाईंनी त्या दिवसापासून मूठ अर्धी केली आणि रोज दुपारी क्रेमरसमोर तळहातावर घेऊन चार पदार्थ खाल्ले. त्याच्याकडे न पाहता. त्याची सूज उतरली. पण त्याला जेवण आवडू लागलं, असं काही झालं नाही. चटणी अजूनही दाढीचा साबणच होती, फक्त आता ती खारट नव्हती, एवढंच तो म्हणाला. कढीपत्ता अजूनही कडेला मांडला जात होता. तुळसीबाईही फ्रिजसमोरून नाक धरूनच जात होत्या. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला नाही, आणि तो घरी परत गेला तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत.

गेस्ट हाऊसची नोकरी चालूच राहिली, आणि भाद्रपद जवळ आला. आराधनेच्या स्वयंपाकासाठी तुळसीबाईंना बोलावणं आलं नाही. जेवायला मात्र आलं. कृष्णस्वामींनीच येऊन सांगितलं, पायरीवर बसून.

"यंदा भवानी करील म्हणत्ये. तिला हौस आहे." भवानी म्हणजे त्यांची मेहुणी. "तुमचेंही वय झालें, वैनी. धुरांत कशास?"

"मांबलमांत कोणी कांहीं बोललें काय?"

"लोक बोलतात," कृष्णस्वामी म्हणाले. "लोकांचें काय."

सांगणारे दोघंच होते आणि त्यातल्या एकीनं सांगितलं नव्हतं. तुळसीबाईंनी हे बोलून दाखवलं नाही. किल्ली कमरेला होती. त्यांनी ती चाचपली आणि येईन म्हणाल्या.

त्या आवडीहून गाडी बदलत मांबलम स्टेशनवर उतरल्या तेव्हा सभागृहात पुरुषांची पहिली पंगत उठत होती. हात धुतलेले पुरुष पाण्याच्या पिंपाशी गर्दी करून उभे होते. एकेक जण भांडं भरून घटाघटा पीत होता, पुन्हा भरत होता. कुणी ताक उरलंय का, असं आत विचारून आलं. "फर्मास झाला स्वैपाक," निवृत्त पोस्टमास्तर एकोजीराव मोठ्यानं म्हणाले आणि भांड्यासाठी हात पुढे केला.

तुळसीबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहिलं. चुलीशी भवानी, सोवळ्यात, घामाघूम, चेहरा उजळलेला. तिच्या डाव्या हाताला मिठाच्या रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या, प्लास्टिकच्या, पांढऱ्या. दुकानदारांनी आता खडे मीठ ठेवणंच कमी केलं होतं.

विधवांची पंगत शेवटी बसली. पानावर भात आला, वरण आलं. वाढायला कृष्णस्वामीच होते. तुळसीबाईंनी पहिला घास घेतला. तीच चव, गेस्ट हाऊसच्या जेवणाच्या खोलीत त्यांच्या तळहातावर आली होती ती. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं आपलं पाण्याचं भांडं जवळ ओढलं.

भवानी पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि थेट त्यांच्या पानासमोर उभी राहिली. इतर कुणाला विचारण्यात अर्थ नव्हता, हे तिलाही कळत होतं.

"वैनी," ती म्हणाली, "तुमच्यासारखेंच केलें. एक थेंब चाखिला नाहीं. मीठ-तिखट बरोबर आहे ना? खरें सांगा."

पिशवीचं मीठ आहे, मूठ अर्धी कर. एवढंच सांगायचं होतं. रात्रीच्या नैवेद्याचं अजून चुलीवर चढायचं होतं, आणि पुढच्या वर्षीही आराधना होतीच. कृष्णस्वामी वरणाचं भांडं घेऊन वाट पाहत होते.

"बरोबर आहे," तुळसीबाई म्हणाल्या. "अगदीं बरोबर. हात असाच ठेव."

आणि त्यांनी पान पुढे करून आणखी वरण मागितलं.